शून्यांनी भरलेली डिस्क

१

“सर, जरा खाली येता?”

मी वाचनालय उघडून अजून खुर्चीवर टेकलोही नव्हतो. खालचा हॉल माझ्याआधी येऊन उघडणारी ताई जिन्यात उभी होती. तिचा चेहरा पाहूनच मी किल्ल्या टेबलावर टाकल्या आणि तिच्यामागून उतरलो.

वाचनालयाच्या खालच्या हॉलमध्ये आमचं वर्कशॉप आहे. कचेऱ्यांनी आणि घरांनी काढून टाकलेले संगणक तिथे येतात. ताई ते तपासते, हार्ड डिस्क पुसून घेते, लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालते, आणि मग ते शाळांकडे जातात. सगळा कारभार एका लाइव्ह सीडीवर चालतो. ती घातली की संगणक स्वतःच्या डिस्कला हात न लावता थेट सीडीवरून सुरू होतो. मालक पासवर्ड विसरलेला असला तरी आतल्या फायली दिसतात, बाहेर काढता येतात. आणि डिस्क पुसायची असेल तर तेही हीच सीडी करते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्यं लिहीत जाते. त्या शून्यांखाली गेलेलं परत येत नाही. त्या भरवशावरच लोक आम्हाला आपले संगणक देतात.

ताई भिंतीकडच्या टेबलापाशी थांबली. तिथल्या संगणकावर माझ्याच हातची लाल चिठ्ठी होती: “आधी आवाज काढून घेणे. तोवर पुसू नये.”

“यातलं गेलं,” ती म्हणाली.

“काय गेलं?”

“सगळं. माझ्या हातून पुसली गेली डिस्क.”



तो संगणक बस स्थानकावर गाड्या पुकारणाऱ्या आजींचा होता. आमच्या शहरातली एक अख्खी पिढी त्यांचा आवाज ऐकत गाड्या पकडत आणि चुकवत मोठी झाली. गाडीला कितीही उशीर होवो, त्यांनी माइकवरून सांगितलं की माणूस निवांत बाकावर बसायचा. पुढे त्यांना घशाचा आजार झाला. स्वरयंत्र काढावं लागणार म्हटल्यावर, ऑपरेशनच्या आधी, दार लावून त्या काही दिवस या संगणकापुढे बोलत बसल्या. ऑपरेशननंतर पाटीवर लिहून बोलायच्या. नवऱ्याने विचारलं, काय बोलून ठेवलंयस, तर पाटीवर लिहायच्या, “मी गेल्यावर ऐका.” आणि गेल्या त्या पासवर्ड न सांगताच गेल्या.

आदल्या संध्याकाळी, आम्ही बंद करायच्या बेतात असताना, त्यांची लेक हा संगणक घेऊन आली होती.

“चुकून कशी पुसली?” मी विचारलं.

ताई लाल चिठ्ठीचा कोपरा नखाने दाबून दाबून चिकटवत राहिली.

२

लेक दुपारी आली, सोबत जावई. ती शाळेत शिकवते. मी तिथेच फोन करून कळवलं होतं. वर्गात आवाज चढवायची सवय असलेली बाई त्या दिवशी इतकी हळू बोलली की मला पुढे वाकावं लागलं.

“बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. दोन दिवस लागतील म्हटलंय. दोन दिवसांनी काय सांगू, ते तुम्ही मला सांगा.”

तिने संगणकावरच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं.

“लाल चिठ्ठी लावली होती ना? मग ती कुणासाठी होती? भिंतीसाठी?”

ताई खाली मान घालून उभी होती. “माझी चूक झाली,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. लेकीने समितीच्या नावाने तक्रार लिहून माझ्या हातात ठेवली. या बाईंना इथे ठेवू नये, अशी. मी ती घेतली. दुसरं करणार काय?

ती दोघं गेल्यावर मी चौकशीबाईंना बोलावलं. आमच्या समितीवर त्या आहेत. विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं: जळालेली गोदामं, बुडालेला माल, एकाच वर्षी दोनदा चोरीला गेलेली गाडी. त्यांचं खरं नाव पासबुकावर असेल तेवढंच. बाकी सगळे त्यांना चौकशीबाईच म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

“ताईनं आपणहून कबूल केलं?”

“हो.”

“कुणी न विचारता?”

“हो. तुम्ही फक्त समितीला समजावा, की इतकी वर्षं...”

“थांबा हो, ग्रंथपाल. जळालेल्या गोदामापुढे हातात काडेपेटी धरून उभा असलेला माणूससुद्धा मला शॉर्ट सर्किट म्हणून सांगायचा. न विचारता कबूल करणारं माणूस माझ्या नोकरीत मला भेटलं नाही. आता भेटलंय, तर मला त्याचीच धास्ती वाटतेय.”

३

चौकशीबाईंनी ताईला खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसल्या.

“काय झालं ते नीट सांग. घाई नाही.”

“सकाळी आले. सीडी घातली. आवाजाच्या फायली शोधायच्या होत्या, पण चुकून पुसायचं बटण दाबलं.”

“आणि डिस्क पुसली गेली.”

“हो.”

“सगळी?”

“हो.”

“आणि मग तू सरांना हाक मारलीस. सर तेव्हा अजून खुर्चीत बसायचे होते.”

माझ्या डोक्यात अजून उजेड पडला नव्हता. चौकशीबाई माझ्याकडे वळल्या.

“ग्रंथपाल, एवढी डिस्क पुसायला किती वेळ लागतो?”

मला नक्की माहीत नव्हतं. मी वर पुस्तकं सांभाळतो, खालचं काम ताई बघते. म्हणून चौकशीबाईंनी मलाच कामाला लावलं. त्याच मापाची, तितकीच जुनी डिस्क असलेला एक संगणक रांगेत पडून होता. दुसऱ्या दिवशी हॉल उघडताक्षणी मी त्यात सीडी घातली आणि पुसायला सुरुवात केली. पडद्यावर एक पट्टी आणि शेजारी टक्के. दुपारी जेवून आलो तर पट्टी अर्ध्याच्याही अलीकडे. संध्याकाळी रखवालदार मेन स्विच पाडायला आला, तेव्हा कुठे काम संपत आलं होतं.

आमचा रखवालदार रोज सगळी वीज बंद करून जातो. एकदा तारा जळाल्यापासून तशी समितीची सक्तीच आहे. म्हणजे आजींचा संगणक बंद व्हायच्या वेळेला आला, रात्रभर विजेविना पडून राहिला, आणि सकाळी मी खुर्चीत टेकायच्या आत कोरा निघाला.

“नुसती सुरुवात पुसली गेली असेल,” मी म्हणालो. “तेवढ्यानेही डिस्क रिकामी दिसते.”

“मग शेवट बघा.”

आम्ही सीडीवरून त्या डिस्कचा शेवट उघडून पाहिला. मधला कुठलाही भाग उघडून पाहिला. शून्यं. बोट ठेवाल तिथे शून्यं.

“ही डिस्क इथे पुसलीच गेली नाही,” चौकशीबाई म्हणाल्या. “इथे आली तीच कोरी. ताई खोटं बोलतेय.”

“पण ती कशाला स्वतःच्या गळ्यात दोष घेईल? नोकरी जायची वेळ आलीय तिची.”

“तेच तर,” त्या म्हणाल्या. “चला, आजींच्या घरी जाऊ.”

४

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. आजोबा आतल्या खोलीत पडले होते, म्हणून आम्ही बाहेरच्या खोलीत दबक्या आवाजात बोललो. ताईने डिस्क पुसली नाही, एवढं चौकशीबाईंनी लेकीला सांगितलं. पुढचं सांगितलं नाही.

“मग कुणी?” तिने विचारलं.

“ते मला तुम्ही सांगायचंय. तुमच्या आईचा आवाज नको असलेलं घरात कोण होतं?”

असा थेट प्रश्न मी कुणाला विचारू शकलो नसतो. लेक बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिली.

“मीच,” ती म्हणाली.

जावयाने चमकून तिच्याकडे पाहिलं.

“आईला ऑपरेशन नको होतं. जेवढे दिवस आहेत तेवढे बोलू द्या, म्हणायची. मी ऐकलं नाही. मी हट्ट धरला, बाबांना माझ्या बाजूने केलं. त्यानंतर ती जगली, पण...” तिने हातानेच पाटीवर लिहिल्यासारखं केलं. “दार लावून ती काय बोलली असेल? तुझ्यामुळे, असंच म्हणाली असेल ना? मला ते ऐकायचं नव्हतं. बाबांच्या शेजारी बसून तर नाहीच नाही. पण मी पुसलं नाही हो. मला ते येतही नाही.”

“तुम्हाला येतं,” चौकशीबाई जावयाकडे वळल्या. तो छापखान्यात संगणकावर पानं लावतो.

“येतं की,” तो म्हणाला. “आणि तो डबा घरातून जावा असं मला वाटत होतं, तेही खरंय. सासूबाई गेल्यापासून या घरात कुणी मोठ्याने हसलेलं नाही. बाबा रोज त्याच्यावरची धूळ पुसतात आणि त्याच्याकडे बघत बसतात. पण मला नष्टच करायचं असतं तर मी दिवसभर त्याच्यापुढे कशाला बसू? डिस्क बाहेर काढून एक हातोडी घातली असती. आणि बसणार तरी कधी? मी सकाळी जातो तो दिवेलागणीला येतो. ही शाळेत.”

“रात्री?”

“तो बाबांच्या खोलीत होता. त्याचा पंखा असा घरघरतो की बाबा उठून बसले असते.”

“सुट्टीच्या दिवशी?”

“सुट्टीला घरात सगळेच. आणि त्या दिवशी बाबा खोलीतून हलत नाहीत.”

चौकशीबाईंनी मान डोलावली. “संगणक आमच्याकडे आणायचं त्याच संध्याकाळी कसं ठरलं? आम्ही बंद करत होतो.”

“बाबांनीच घाई केली,” लेक म्हणाली. “मी शाळेतून आले तर दारात उभे. आत्ताच्या आत्ता ने म्हणाले. त्यांचं काम आता सोपं झालंय, म्हणाले. मी म्हटलं, उद्या नेऊ. ऐकेचनात.”

चौकशीबाईंची नजर कोपऱ्यातल्या तिवईवर गेली होती. तिथे पाण्याचा तांब्या होता आणि औषधाच्या गोळ्या. गोळ्या एका हिरव्या कागदी पाकिटात घातलेल्या होत्या.

मी ते पाकीट ओळखलं. ओळखायलाच हवं, मीच छापून घेतलं होतं.

५

आपल्या खाजगी गोष्टी वर्कशॉपला दिसू नयेत असं काही लोकांना वाटतं. त्यांच्यासाठी आम्ही वाचनालयाच्या काउंटरवर लाइव्ह सीड्या ठेवतो, हिरव्या पाकिटात. घरी न्या, घरीच डिस्क पुसा आणि मग संगणक द्या. ज्याला हवी तो उचलतो, कुणी विचारत नाही.

“मी आजोबांशी जरा बोलू?” चौकशीबाईंनी विचारलं. “संगणकाबद्दल दोन गोष्टी हव्या होत्या.”

आजोबा जागेच होते. अंगाने दणकट, पण एका डोळ्यावर मोतीबिंदू. आयुष्यभर त्यांनी गोदीत क्रेन चालवली होती. आम्ही वर्कशॉपचे म्हटल्यावर उठून बसले आणि माझा हात धरला.

“झालं?”

“होतंय,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

“दार ओढून घ्या. लेकीला सांगू नका, ती रागावते. मी निम्मं काम करून ठेवलंय तुमचं.”

चौकशीबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. “सांगा की.”

“वाचनालयात कधीमधी पेपर वाचायला येतो मी. तिथे तुमचा एक माणूस कुणाला तरी सांगत होता, या सीडीनं कुठलाही संगणक उघडतो, पासवर्ड लागत नाही. म्हटलं, अरे! मग आपण कशाला कुणाची वाट बघायची? घेतली एक. आपण एवढ्या मोठ्या क्रेनी फिरवल्या, हा तर डबा आहे. दोघं भल्या सकाळी कामावर गेल्यावर लावली.”

“मग?”

“दोन ओळी आल्या. इंग्रजी. मला काय ते वाचता येत नाही, आणि डोळा हा असा. वरची ओळ दाबली. तर नुसतं चित्र आलं, बाकी काही नाही. तिचं काहीच दिसेना. म्हटलं, हे काही खरं नाही. बंद केला, परत सुरू केला, आणि खालची ओळ दाबली.”

 वरची ओळ म्हणजे नुसतं पाहायचं. त्या चित्रावर दोन-तीन ठिकाणी माउस दाबला असता तर आजींच्या फायली समोर आल्या असत्या. आवाज तिथेच होता.

“त्यानं दोनदा काहीतरी विचारलं,” आजोबा सांगत होते. “मी दोन्ही वेळा हो म्हटलं. मग सुरू झालं बघा! एक पट्टी यायला लागली आणि आकडे. एक टक्का, दोन टक्के. फार हळू. मी म्हटलं, होऊ दे सावकाश, खूप बोललीय ती, निघायला वेळ लागणारच. जेवायलासुद्धा उठलो नाही. मधेच वीज गेली तर, अशी धाकधूक. दिवसभर शेजारी बसलो तिच्या. आणि शेवटी शंभर.”

त्यांनी हात हवेत उघडून दाखवला.

“शंभर टक्के. आणि आपोआप बंद झाला. म्हटलं, कुलूप निघालं. आता ऐकवायचं काम तुमचं.”

चौकशीबाई उठून खिडकीशी गेल्या. त्यांच्या पाठीकडे बघत मीच काहीतरी बोललो. काय बोललो ते आता आठवत नाही.

६

हॉलमध्ये ताई डिस्क बसवत होती. चौकशीबाईंनी तिच्यापुढे हिरवं पाकीट धरलं. गोळ्या दुसऱ्या डबीत काढून ते आम्ही मागून आणलं होतं.

“यातली सीडी कुठेय?”

ताईने ड्रॉवर उघडून ती काढून दिली. “त्या संगणकातच होती. सकाळी सुरू केला तर तीच चालू झाली. मी घरी फोन केला, ही कुणी घातली म्हणून विचारायला. आजोबांनी उचलला. मला सगळं सांगितलं त्यांनी. इतके खूश होते, सर. मला म्हणाले, तुझं तोंड गोड करीन.”

“आणि तू ठरवलंस, दोष आपल्यावर घ्यायचा.”

“दुसरं काय करू? माझं नाव आलं तर ते माझ्यावर चिडतील, शिव्या देतील. देऊ देत. हे कळलं तर कुणावर चिडणार ते?”

“यातलं काहीच निघणार नाही? कुठल्या मोठ्या ठिकाणी पाठवून?”

“शून्यांखालचं निघत नाही, बाई. मी शपथ घेते हवं तर.”

आम्ही आणखी एक दार ठोठावलं. मी बस स्थानकात जाऊन आलो. आजींचा आवाज कुठे टेपवर असेल, म्हटलं. तिथल्या अधिकाऱ्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या रोज थेट माइकवर बोलायच्या, तो म्हणाला. टेप कशाला करणार? त्या रोज यायच्याच की.

मग लेकीला वाचनालयात बोलावलं. वाचनकक्ष रिकामा होता. चौकशीबाईंनी एकेक गोष्ट तिच्यापुढे मांडली. डिस्क आमच्याकडे पुसायला वेळच नव्हता. म्हणजे ती घरी पुसली गेली, आणि आमच्याच सीडीने. पुसायला अख्खा दिवस लागतो. रात्री पंख्याचा आवाज झाला असता. सुट्टीला सगळे घरात असतात.

“म्हणजे कामाच्या दिवशी, दिवसाउजेडी,” चौकशीबाई म्हणाल्या. “घरात दिवसभर जे माणूस होतं, त्यानं.”

“पण दिवसभर घरात कुणीच नसतं,” लेक म्हणाली. “फक्त...”

तिने टेबलाची कड धरली.

“त्यांना माहितेय?”

“नाही. त्यांना वाटतंय, त्यांनी कुलूप उघडलं.”

लेकीने आपली तक्रार मागून घेतली आणि फाडली. ताईपुढे हात जोडायला गेली तर ताईने ते हात मध्येच धरले. त्यानंतर बराच वेळ आम्ही चौघं काय सांगायचं ते ठरवत बसलो. सगळ्या शक्यता चाचपून झाल्यावर एक सोपं खोटं उरलं. डिस्क जुनी होती, आमच्याकडे येऊन बंद पडली. कुणाचाच दोष नाही.

७

आजोबा नवा सदरा घालून बसले होते. शेजारी लेक आणि जावई; त्यालाही तिने सगळं सांगून ठेवलं होतं. चौकशीबाईंनी सांगितलं. डिस्क जुनी होती. झिजली होती. यंत्रच ते.

आजोबांनी शांतपणे ऐकलं.

“म्हणजे बंद पडली.”

“हो.”

“मग दुरुस्त करू,” ते म्हणाले. “यंत्र बंद पडलं म्हणून आतला माल कुठे जातो? क्रेन बंद पडली तर माल वर लटकत राहतो, पण असतो. तुमच्याकडे होत नसेल तर मी दुसरीकडे नेतो. शहरात दुकानं काय कमी आहेत? मी स्वतः जातो उद्या. त्यांना सांगतो, मी अशी सीडी घातली, अशी खालची ओळ दाबली, शंभर टक्के झालं...”

जावयाने माझ्याकडे पाहिलं. मी चौकशीबाईंकडे. कुठल्याही दुकानातला कुठलाही पोरगा ऐकता ऐकता हसला असता आणि म्हणाला असता, आजोबा, तुम्हीच तर पुसलंत.

“बाबा, कुठे नेऊ नका,” लेक म्हणाली.

“का?”

“काही उपयोग नाही. मी पुसलंय ते.”

 हे आमचं ठरलेलं नव्हतं.

“तू?”

“मी. तुम्ही सगळं बरोबर केलं होतं. तुमचं कुलूप उघडलं होतं, बाबा. आईचा आवाज निघाला होता. इथून नेल्यावर, वर्कशॉपला द्यायच्या आधी, मी उघडून पाहिलं आणि पुसून टाकलं.”

“कशाला?”

“मला ऐकायचं नव्हतं. ऑपरेशनवरून ती मला बोलली असेल, म्हणून.”

एवढं एक वाक्य खरं होतं. म्हणूनच बहुधा ते त्यांना पटलं.

 चौकशीबाई पुढे झाल्या, त्यांनी तोंड उघडलं, आणि लेकीने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्या तिथेच थांबल्या. आयुष्यभर लोकांच्या पोटातलं खरं बाहेर काढणारी बाई. तिच्यापाशी खरं होतं, पुराव्यानिशी होतं, आणि ते कुणाला देण्यासारखं नव्हतं.

“निघाला होता?” आजोबांनी हळूच विचारलं. “आवाज?”

“हो.”

“काय म्हणाली?”

 “तुमचं नाव घेतलं,” लेक कसंबसं म्हणाली. “मग मी बंद केलं.”

आजोबा भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

याला आता पुष्कळ दिवस झाले. काउंटरवरच्या सीड्या आम्ही काढून टाकल्या. ताई आहे, तिचं काम चालू आहे. चौकशीबाई समितीच्या बैठकांना येतात, पण पूर्वीसारखे प्रश्न विचारत नाहीत.

लेक दर आठवड्याला पुस्तकं बदलायला येते. आजोबा तिच्याशी बोलत नाहीत. ताट तिच्याकडून घेत नाहीत, जावयाने दिलं तर जेवतात. मी तिला एकदा म्हटलं, असं किती दिवस चालवणार? सांगून टाका खरं. तिने पुस्तकावरचा शिक्का वाळेपर्यंत वाट पाहिली.

“आता दुपारी झोप लागते त्यांना,” ती म्हणाली. “शेजाऱ्यांना सांगत होते, कुलूप मी उघडलं होतं म्हणून.”

परवा ती आली तेव्हा जरा घाईत होती. मी नेहमीसारखं विचारलं, “बोलले का काही?”

“हो,” ती म्हणाली. “आज सकाळी. म्हणाले, जाताना दार लावून घे.”